सरहद्दीवरचा किल्ला आणि नववीचा वर्ग

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नववीच्या वर्गाला घेऊन मी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात गेलो होतो. सहल म्हणावी असे त्यात काही नव्हते. शाळेपासून किल्ला पायी पंचवीस मिनिटांवर. बस नाही, वर्गणी नाही. प्रत्येकाने घरून डबा आणायचा, वही-पेन आणायचे आणि अकरा वाजता परत यायचे, एवढाच बेत. तरी परवानगीचे कागद गोळा करताना तीन पालक शाळेत आले. त्यातले एक टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे लाल. म्हणाले, "सर, बच्ची को नक्को भेजता मैं. वहाँ जाको क्या देखना? कोई कुछ बोल दिया तो?"

मी त्यांना समजावले. दोन शिक्षक सोबत आहेत, शहरातलाच किल्ला आहे, दिवसाची वेळ आहे. ते तयार झाले. पण माझ्या बोलण्याने पटले म्हणून नव्हे, सरांना नाही कसे म्हणायचे म्हणून.

आणि किल्ल्यात कोणीतरी बोललेच. फार मोठे काही नाही. कॉलेजवयाची चार-पाच मुले तटावर मोबाईलने व्हिडिओ काढत होती. आमच्या मुली डोक्यावर ओढण्या घेऊन रांगेने आत आल्या तेव्हा त्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "आले बघा, आपला किल्ला बघायला." 'आपला' या शब्दावर त्याने असा जोर दिला की मित्र हसले. वाद घालण्यासारखे काही नव्हते. वाक्य तपासले तर त्यात एकही वाईट शब्द नाही. मी मुलांना पुढे घेऊन गेलो.

थोड्या वेळाने, ज्या मुलीचे वडील शाळेत आले होते तिनेच मला विचारले, "सर, ये किल्ला अपना है, क्या उनका?"

मी म्हणालो, "किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे. भिंतीवर नाव लिहिले तर दंड होतो."

मुले हसली. वेळ निघून गेली. वीस वर्षे शिकवल्यावर अशी उत्तरे आपोआप येतात, बी.एड.ला ती कोणी शिकवत नाही. पण घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. चौदा वर्षांच्या मुलीने सरळ प्रश्न विचारला होता आणि मी विनोद करून सुटका करून घेतली होती. हा लेख म्हणजे तिला त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर. थोडे लांबले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सोलापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी आधी किल्ल्याविषयी. हा डोंगरावरचा गड नाही. सपाट जमिनीवर, शहराच्या अगदी पोटात आहे. तीन बाजूंनी रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वराचा तलाव. दुहेरी तट, बाहेरचा बुटका, आतला उंच. आत बत्तीस खांबांचे एक दालन आहे, जुन्या देवळाचे अवशेष आहेत, बुरुज आहेत, दरवाजांवर फारसी शिलालेख आहेत. किल्ल्याची सुरुवात बहमनी काळात झाली असे मानतात. पुढे आदिलशाहीने त्यात भर घातली. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा पाळण्यात बसले की तलावाचे पाणी आणि हा काळा तट दोन्ही एकदम दिसतात. सोलापुरातल्या बहुतेकांनी किल्ला असाच, पाळण्यातून, पाहिलेला असतो. आत जाणारे कमी.

आता मूळ प्रश्न. बहमनी राज्य फुटले तेव्हा एका बाजूला विजापूरची आदिलशाही उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला अहमदनगरची निजामशाही. सोलापूर नेमके दोघांच्या मध्ये. विजापूर इथून शंभर किलोमीटर, आपल्याकडची एसटी दोन-अडीच तासांत पोचवते. नळदुर्ग, परांडा, सोलापूर हे सगळे त्या सरहद्दीवरचे किल्ले. आणि सरहद्दीवरच्या किल्ल्याचे नशीब सरहद्दीवरच्या शेतासारखे असते. बांध रोज कोणीतरी सरकवतो.

१५२३-२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाले. तिचे नाव मरियम. सोलापूर आणि त्याच्याबरोबरचे साडेपाच परगणे या लग्नात द्यायचे ठरले, निदान अहमदनगरवाल्यांचे म्हणणे तसे होते. किल्ला काही मिळाला नाही. मग पुढची चाळीसेक वर्षे दोन्ही घराणी या एका किल्ल्यावरून लढत राहिली. सासर-माहेरच्या भांडणात तोफा आल्या म्हणायच्या. एकदा तर बुऱ्हाण निजामशहाने विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून सोलापूर घेतले. म्हणजे एका मुसलमान सुलतानाने एका हिंदू राज्यकर्त्याच्या मदतीने दुसऱ्या मुसलमान सुलतानाकडून हा किल्ला हिसकावला. पुढे हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा तिच्याबरोबर सोलापूरचा किल्लाही विजापूरला दिला. हे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईच्या थोडे आधीचे. त्या लढाईत हेच रामराय समोरच्या बाजूला होते.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जहेज में किल्ला?" होय, जहेजमध्ये किल्ला. आपल्या समाजात हुंडा नव्हता, तो शेजाऱ्यांकडून आला असे आपण छातीठोकपणे सांगतो. सांगताना या किल्ल्याकडे एकदा बघावे, एवढे बोलून पुढे जातो, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिला तर माझेच नातेवाईक मला दावतीला बोलावणार नाहीत.

मग मुघल आले. १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून गेले तेव्हा पुरंदरच्या तहाप्रमाणे शिवाजी महाराज त्यांच्याबरोबर होते आणि आपल्या जिल्ह्यातले मंगळवेढे त्या मोहिमेत मराठ्यांनीच घेतले. विजापूरच्या बाजूनेही मराठे सरदार होतेच. १६६८ मध्ये विजापूरने तह करून सोलापूरचा किल्ला औरंगजेबाला देऊन टाकला. मुघलांमागून निजाम आणि निजामामागून पेशवे. इतक्या वेळा मालक बदललेल्या जागेविषयी 'आपला का त्यांचा' असे विचारले तर उलट प्रश्न करावा लागतो: कोणत्या वर्षी?

पण माझे खरे सांगणे १८१८ विषयी आहे. शाळेच्या पुस्तकात १८१८ हे वर्ष एक-दोन वाक्यांत संपते. पेशवाई बुडाली, इंग्रजांचे राज्य आले. पेशवाई बुडण्याचा शेवटचा अंक मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यात घडला, आणि इथल्या मुलांना तो ठाऊक नाही. मलाही तिशीपर्यंत नव्हता.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. पुणे गेले. दुसरा बाजीराव सैन्य घेऊन फिरत राहिला आणि इंग्रज फौजा त्याच्या मागे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीजवळ जनरल स्मिथने त्याला गाठले. सेनापती बापू गोखले तिथे लढताना पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात गेले. बाजीराव निसटला. वेगाने पळता यावे म्हणून त्याने जड तोफा आणि पायदळ सोलापूरला ठेवले होते. किल्ल्याला खंदक होता, पाणी होते, तट मजबूत होता. शिवाय वस्तीलाही, म्हणजे पेठेलाही, तट होता. तो तट आज नाही. पण विजापूर वेस, बाळीवेस, तुळजापूर वेस ही नावे राहिली आहेत. आपण रिक्षावाल्याला 'विजापूर वेस' म्हणतो तेव्हा एका पडलेल्या भिंतीतल्या दरवाजाचे नाव घेत असतो.

दक्षिणेकडून थॉमस मन्रो आला. हाच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. रयतवारी पद्धतीमुळे त्याचे नाव बी.ए.च्या पुस्तकात येते. लढाई सुरू झाली तेव्हा धारवाडकडे त्याच्याजवळ सैन्य फारच थोडे होते. त्याने तिथल्याच गावांतून शिपाई गोळा केले आणि तालुक्यांमागून तालुके घेत वर सरकला. बदामी घेतली, बेळगाव घेतले, आणि मे महिन्यात सोलापुरासमोर येऊन उभा राहिला. सोलापूरचा मे कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. तवा असतो.

१० मे १८१८ च्या पहाटे कंपनीच्या फौजेने शिड्या लावून पेठेचा तट ओलांडला. किल्ल्याबाहेर पेशव्यांचे पायदळ आणि तोफा होत्या. गणपतराव पानसे त्यांचे सरदार होते. पानसे घराण्याकडे पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या होता. त्यांनी उलट हल्ला केला. त्या गडबडीत त्यांच्या दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला आणि खुद्द पानसे जखमी झाले. संध्याकाळी पायदळ माघार घेऊन निघाले तेव्हा कंपनीच्या घोडेस्वारांनी पाठलाग केला आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानात शेकडो माणसे कापली. मग किल्ल्यावर तोफा लागल्या. १५ मेला किल्ला शरण गेला. तीन आठवडेही झाले नाहीत तोच, ३ जूनला, बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन बिठूरला राहायला गेला.

आता सांगतो ती गोष्ट मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोलापुरात पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या त्या पायदळात अरब होते, आणि थोडेथोडके नव्हते.

अरब म्हणजे खरोखरीचे अरब. हैदराबाद, नागपूर, पुणे अशा दरबारांत त्या काळी अरब शिपायांच्या तुकड्या नोकरीला असायच्या. नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या बाजूने अरब लढले. १ जानेवारी १८१८ ला भीमा-कोरेगावात पेशव्यांनी जे पायदळ पुढे घातले त्यात अरबांचा मोठा भाग होता, आणि समोर कंपनीच्या पलटणीत महार शिपाई होते, त्यांच्याबरोबर इतर जातींचे आणि धर्मांचेही होते. खडकीला पेशव्यांची एक कवायती पलटण डी पिंटो नावाच्या पोर्तुगीज वंशाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. आणि सोलापूरवर शिड्या लावणाऱ्या मद्रासच्या पलटणींत मुसलमान शिपाई नव्हते असे ज्यांना वाटते त्यांनी मद्रासच्या पलटणींविषयी काहीच वाचलेले नाही.

म्हणजे १० मेच्या पहाटे पेठेच्या तटाच्या दोन्ही बाजूंना अल्लाचे नाव घेणारे होते आणि दोन्ही बाजूंना हर हर म्हणणारेही होते. एक बाजू ब्राह्मण पेशव्यासाठी मरत होती आणि दुसरी लंडनच्या एका व्यापारी कंपनीसाठी. त्या मोबाईलवाल्या मुलाने मला आज पुन्हा गाठले तर मी त्याला एवढेच विचारीन: बाबा रे, या किल्ल्यापायी पेशव्यांच्या बाजूने जे अरब मेले, ते तुझ्या हिशेबात कोणाचे?

हा प्रश्न फक्त त्यालाच नाही. इथे मला माझ्या मुस्लीम वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्याकडेही किल्ला पाहण्याची एक चुकीची रीत आहे. किल्ल्यात शिरले की आपल्यातल्या काहींना एकदम बादशाही आठवते. छाती फुगते. 'हमारा जमाना था.' मी विचारतो, कोणाचा जमाना? तुमचे माझे आजे-पणजे त्या काळात काय करत होते? माझ्या घराण्याची आठवण चार पिढ्यांपलीकडे जात नाही. त्या चार पिढ्यांत एक शिक्षक (मी), एक गिरणीतला जॉबर, एक विणकर आणि एक भिश्ती आहे. सुलतान एकही नाही. किल्ल्यातल्या सुलतानाशी माझे जे नाते आहे तेवढेच माझ्या शेजारच्या तेलुगू पद्मशाली विणकराचे आहे. आम्ही दोघेही त्याला कर देणाऱ्यांचे वंशज. नाते सांगायचेच असेल तर मी खंदकातून पखाल भरून आत पाणी नेणाऱ्याशी सांगेन. त्याचे नाव कुठल्याही शिलालेखात नाही.

आणखी एक. किल्ल्याच्या भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड आहेत. खांबांचे तुकडे, वेलबुट्टी. मी दाखवले नाही तरी मुलांना दिसतात. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात. पूर्वी मी तिथून वर्ग भरभर पुढे न्यायचो. यंदा थांबलो. मुलांना सांगितले की हे देवळाचे दगड आहेत, देवळे पाडून किंवा पडलेल्या देवळांतून ते आणून इथे बसवले आहेत, आणि ज्यांचे देऊळ होते त्यांना ते बघून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. आपली एखादी जुनी मशीद पडली आणि तिचे दगड दुसऱ्या कशात दिसले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच. एका मुलाने विचारले, "मग आपण काय करायचं?" मी म्हणालो, तू काही केलेले नाहीस, त्यामुळे तुला माफी मागायची नाही, पण हे झालेच नाही असेही म्हणायचे नाही. हे उत्तर त्याला किती पटले मला ठाऊक नाही. माझ्या एका सहकाऱ्याला अजिबात पटले नाही. परत येताना ते म्हणाले, "मुलांना हे कशाला दाखवायचं? बाहेर कमी ऐकवतात का लोक?" त्यांचा राग मला कळतो. पण बाहेर लोक ऐकवतात म्हणूनच वर्गात आधी ऐकायला हवे. माझ्या तोंडून ऐकलेले आणि व्हॉट्सअॅपवरून ऐकलेले यांत फरक पडतो, अशी माझी समजूत आहे. नाहीतर मग शिक्षकाचा पगार कशासाठी घ्यायचा?

शिलालेखांपाशी मात्र आमचा वर्ग राजा होता. खरे तर मी किल्ला निवडला तो यासाठीच. आमची मुले उर्दू माध्यमात शिकतात. इंग्रजीत कच्ची, मराठीत अडखळणारी, घरी दखनी बोलणारी. शहरातल्या कोणत्याही स्पर्धेला गेली की मागच्या रांगेत बसतात. इथे मात्र दरवाजावरचा फारसी लेख अख्ख्या गर्दीत फक्त त्यांनाच लावता येत होता. लिपी ओळखीची. अर्थात नस्तालिक वाचायची सवय असलेल्या मुलांना दगडात कोरलेली, एकात एक गुंतवलेली अक्षरे चटकन सुटत नाहीत. एक जण 'अलिफ' शोधत होता, दुसरी नुक्ते मोजत होती. दगडावर नुक्ता कोणता आणि छिन्नीचा चुकलेला घाव कोणता यावरून भांडण झाले. अर्ध्या तासात त्यांनी सहा-सात शब्द लावले. असे लेख बहुधा साधेच असतात: बांधकाम कोणाच्या कारकिर्दीत झाले, कोणी करवून घेतले, हिजरी सन कोणते. पण मुलांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी गॅदरिंगच्या बक्षीस समारंभातही पाहिलेले नाही.

तेवढ्यात एक आजोबा जवळ आले. धोतर, टोपी, कानडी वळणाची मराठी, अक्कलकोटकडचे असावेत. नातवाला घेऊन आले होते. म्हणाले, "काय ल्हिवलंय ओ मास्तर त्यात? मी पन्नास वर्षं बघतोय, कोण सांगत न्हाई." आमच्या मुलीने त्यांना लावलेले शब्द वाचून दाखवले आणि मोडक्या मराठीत अर्थ सांगितला. आजोबा म्हणाले, "एवढंच व्हय? मला वाटलं शाप-बिप ल्हिवलाय." सगळे हसले. तीसुद्धा.

तिथे मराठीत पाटी असती तर आजोबांना पन्नास वर्षे थांबावे लागले नसते. माझी मागणी एवढीच आहे आणि ती मोठी नाही. प्रत्येक शिलालेखाशेजारी त्याचा मराठी, कानडी आणि तेलुगू अर्थ लावावा, कारण हे शहर या भाषांत बोलते. देवळाच्या दगडांशेजारी ते देवळाचे दगड आहेत असे लिहावे. आणि एका बुरुजापाशी १० ते १५ मे १८१८ ला इथे काय झाले ते लिहावे: कोण आले, कोण लढले, कोण मेले. अरब शिपाई हा शब्द त्यात यावा आणि पानसे हे नावही यावे. आपल्या सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर इतिहास वाचताना वर्ग बघा, जात बघा, भाकरी बघा असे आयुष्यभर बजावत राहिले. एवढी पाटी लावली तरी त्यांचे थोडे ऐकल्यासारखे होईल.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, स्वतः इतिहासाचे शिक्षक, यावर म्हणाले की अशा पाट्यांनी भांडणे वाढतील, लोक फोटो काढून काहीबाही पसरवतील. मला उलटे वाटते. पाटी नाही तिथे जो मोठ्याने बोलतो तोच पाटी होतो. त्या दिवशी तटावर तेच झाले.

परत येताना आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आलो. १८१८ ला इंग्रजांनी पेठेचा तट ओलांडला तो मे महिन्यात. त्यानंतर ११२ वर्षांनी, मे महिन्यातच, हे शहर इंग्रजांच्या हातातून काही दिवस निसटले. १९३० चा तो मे. त्याआधी ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा लागला होता. ८ मेला गोळीबार झाला, लोक उसळले, गोरे अधिकारी शहराबाहेर गेले आणि १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवायचे आणि वयाने विशीतलेच होते. मुलांना या चौघांची नावे पाठ आहेत, दरवर्षी जानेवारीत कार्यक्रम होतो. पण किल्ला आणि हा चौक पायी पाचदहा मिनिटांच्या अंतरावर असूनही दोन्हींचा काही संबंध आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. म्हणून चौकातच उभे राहून सांगितले. रहदारीच्या आवाजात निम्मे ऐकू गेले नसेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि त्याखाली वरच्या सगळ्या सनावळ्या. मालकांची यादी करायला सांगितली. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, पुन्हा आदिलशाही, मुघल, निजाम, पेशवे, कंपनी, राणी, भारत सरकार. यादीपुढे मी एक रकाना आखला: 'किल्ल्यात काम करणारे.' तो मुलांनीच भरला. गवंडी, भिश्ती, तोफ ओढणारे, घोड्यांचा चारा आणणारे, दळण दळणाऱ्या बायका, अरब, मराठे, झाडूवाले. रकाना खालपर्यंत गेला तरी हा रकाना काही बदलला नाही, फक्त त्यात शेवटी कोणीतरी 'सिक्युरिटी गार्ड' असे लिहिले.

ती मुलगी काही बोलली नाही. तिने वहीत उतरवून घेतले. तिला उत्तर मिळाले की नाही हे मी विचारले नाही.

जानेवारीत पालकसभा झाली. तिचे वडील आले, पुन्हा रात्रपाळी करून. मला वाटले तटावरच्या त्या वाक्याबद्दल बोलतील, कारण मुलीने घरी सांगितले असणारच. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले, मुलीची वही उघडून अरब शिपायांच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "सर, ये लोगाँ इत्ती दूर से आको लड़े. पगार टाइम पे मिलता था क्या इनको?"

मी म्हणालो, "बहुत बार नहीं मिलता था. पगार थकला म्हणून अरबांनी बंड केल्याच्या, सरदारांना कोंडून ठेवल्याच्या गोष्टी आहेत."

"हौ," ते म्हणाले. त्यांच्या कारखान्यात दोन महिन्यांचा पगार अडकला होता, हे मला मुलीकडून आधीच कळले होते. मग त्यांनी तिच्या गणिताच्या मार्कांचे विचारले.